चालू का, डोंबिवली?

आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहायला गेलो तेव्हा करारात अकरा कलमं छापील होती आणि बारावं हाताने लिहिलेलं. ‘लाल चिकटपट्टी लावलेल्या सॉकेटला भाडेकरू, भाडेकरूचे पाहुणे व कामवाली बाई यांनी हात लावू नये.’ मी ठाण्याला एका कंपनीत अकाउंट्स बघतो. सही करण्याआधी वाचायची मला सवय आहे, म्हणून घरमालकीण काकूंना विचारलं.

“काकू, हे सॉकेट आमच्या घरात आहे का?”

“नाही, माझ्या.”

“मग आम्ही कशाला हात लावू?”

“आज ना उद्या तुम्ही माझ्याकडे चहाला याल. गप्पा रंगतील. तुमच्या मोबाइलची बॅटरी संपत आलेली असेल. मग माणूस काय करतो?”

मी सही केली. चौथ्याच दिवशी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, मोबाइलची बॅटरी संपत आली होती आणि माझी नजर भिंतीवर सॉकेट शोधत होती. काकूंनी लाल पट्टीकडे बोट दाखवलं.

तळमजल्यावरचे शेजारशेजारचे दोन फ्लॅट त्यांचे. एकात त्या एकट्याच, दुसऱ्यात आम्ही, मधे एकच भिंत. साठी उलटलेली, ठेंगणी बाई, आवाज मात्र दोन मजले वर जाणारा. सुती साडी, दोरीला लटकवलेला चष्मा आणि अंबाड्यात खोवलेला एक छोटा स्क्रूड्रायव्हर. पहिल्यांदा माझ्या बायकोला तो नव्या फॅशनचा आकडा वाटला होता. पुढच्या खोलीत त्यांचं वधू-वर सूचक केंद्र होतं आणि त्याच खोलीत, लाल पट्टीच्या सॉकेटखाली, त्यांचा कॉम्प्युटर.

आम्हाला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी ‘भाडेकरू’, बायको ‘अगं’. घर सोडून आम्ही ठाण्याला स्वतःच्या जागेत आलो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजून फोन आला की “भाडेकरू, बरे आहात ना?” असंच सुरू होतं.

कॉम्प्युटरची हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकलेली आहे. मी ऐकीव आणि पाहिलेलं वेगळं ठेवतो, म्हणून सांगितलं. केंद्राचा कॉम्प्युटर व्हायरसने एका दुपारी बसला आणि सगळ्या नवऱ्या मुलांचे फोटो गेले. नवऱ्या मुलींचे वाचले. “बघा, व्हायरसलासुद्धा कळतं,” असं त्या म्हणायच्या. त्यांच्या भाच्याने मग विंडोज काढून त्यावर लिनक्स टाकून दिलं आणि तो परदेशी निघून गेला. लिनक्सवर प्रिंटर चालेना. भाच्याने फोनवर सांगितलं, “आत्या, ड्रायव्हरचं मॉड्यूल बसवावं लागेल.” तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. प्रिंटर झाला, मग स्कॅनर, मग वेबकॅम, मग कुणाकुणाच्या माळ्यावरची टाकून दिलेली यंत्रं. भंगारवाला आमच्या इमारतीपुढून हाक न मारता जायचा, कारण इथलं सगळं आधीच काकूंकडे गेलेलं असायचं.

प्रत्येक यंत्राला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. जे चालू झालं त्यावर ‘जमलं’. जे झालं नाही त्यावर ‘योग नाही अजून’. ‘बिघडलेलं’ हा शब्द त्या घरात निषिद्ध होता. तोच नियम केंद्रातही. पस्तिशीच्या मुलाची आई डोळ्याला पदर लावून आली की काकू म्हणायच्या, “अहो, मुलगा चांगला आहे. त्याचं मॉड्यूल अजून कुणी लिहिलेलं नाही, एवढंच.”

मला लिनक्स कळत नाही. पण मॉड्यूल म्हणजे काय हे मी कुणालाही समजावू शकतो, कारण काकूंनी मला ते पोहे खाताना समजावलं.

“कर्नल म्हणजे घरातल्या सासूबाई. सगळा कारभार त्यांच्या हातात. बाहेरून यंत्र आलं की त्यांना त्याची भाषा कळत नाही. मग पूर्वी काय करायचे? सासूबाई नव्याने घडवायच्या. केवढा खटाटोप! आता तसं नाही. घर न पाडता, सासूबाईंना न हलवता एक सून आत घ्यायची. ती दोन्ही बाजूंचं बोलणं समजते. तिला मॉड्यूल म्हणतात.”

“आणि पटलं नाही तर?”

“काढता येते. पण जिच्या हातात काम चालू आहे तिला काढता येत नाही. मशीनच सांगतं, ती कामात आहे. आपल्याकडे एवढी अक्कल किती घरांत आहे, सांगा.”

नवीन यंत्र आलं की आधी त्याला जोडायचं आणि नाव-गाव विचारायचं. पडद्यावर दोन आकडे यायचे, एक बनवणाऱ्याचा, एक वस्तूचा. त्यांना त्या कुळ आणि नाव म्हणायच्या. खोक्यावर काय छापलंय याला काडीची किंमत नाही. एकदा मी स्टेशनजवळून काकूंच्या मशीनसाठी वायफायची एक इवलीशी काडी आणली. आमच्या मजल्यावरच्या एकाने तशीच, त्याच दुकानातून, त्याच रंगाच्या खोक्यातली आणली होती. त्याची चालली, माझी नाही. मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो. काकूंनी दोन्ही जोडून बघितल्या आणि म्हणाल्या, “दोन घरची मुलं आहेत. कपडे एका ताग्यातले. बायोडेटावर जाऊन फसलात, भाडेकरू.” माझ्या काडीसाठी त्यांनी वेगळं मॉड्यूल शोधून काढलं. ते बसलं तेव्हा त्यांनी काडीवर दोन बोटं टेकवली आणि म्हणाल्या, “आता हे घर तुझं.”

प्रत्येक यंत्राला हे वाक्य मिळायचं. त्याशिवाय चिठ्ठीवर ‘जमलं’ लिहिलं जात नसे.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, “वाचलंत का, नेमकं काय लिहिलंय?” कुणी काकुळतीला येऊन सांगितलं की मशीन चालत नाही, तर त्या मशीनला हात लावायच्या नाहीत. आधी पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचायला लावायच्या. अर्थ नाही सांगायचा, शब्द सांगायचे. “ते ओरडत नाही बिचारं. लिहून ठेवतं. आपण वाचत नाही.” हाच नियम केंद्रात: मुलीने नकार दिला, तर कोणत्या शब्दांत दिला? आणि हाच नियम आमच्यावरही एकदा लागू झाला. बायकोची आणि माझी खडाजंगी भिंतीपलीकडे ऐकू गेली होती. काकू दारात येऊन उभ्या.

“काय म्हणाली ती?”

“म्हणते की मी घरात काही करत नाही.”

“हे तुमचे शब्द. तिचे सांगा.”

बायको आतून म्हणाली, “मी म्हटलं, शनिवारी तुम्ही काही करत नाही.”

“शनिवार गाळलात की हो, भाडेकरू! हिशेबातला माणूस तुम्ही!” आणि दोन मजले वर जाईल असं हसून त्या निघून गेल्या. त्यानंतर आमच्या घरात भांडणं कमी झाली असं नाही, पण ती शनिवारपुरती राहिली.

आता लाल पट्टी. काकूंचा कॉम्प्युटर कधीच बंद होत नसे. कधीच म्हणजे कधीच. शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज जायची तेव्हा त्यांच्याकडचा इन्व्हर्टर फक्त त्या एका सॉकेटला वीज द्यायचा. मशीन गारेगार, आणि काकू शेजारी पुठ्ठ्याने वारा घेत बसलेल्या. मी एकदा मोजून दाखवलं की ते मशीन साधारण आमच्या पंख्याइतकीच वीज खातं, तेव्हा पंखाही इन्व्हर्टरवर घ्यायला हरकत नाही. “आणि बॅटरी अर्ध्यात संपली म्हणजे? कल्याण काय म्हणेल?” त्या म्हणाल्या.

कल्याण म्हणजे कल्याणला राहणारे एक गृहस्थ. काकूंनी कधीतरी एका स्कॅनरसाठी इंटरनेटवर साऱ्या जगाला मदत मागितली होती आणि उत्तर ठाकुर्लीच्या पलीकडून आलं. निवृत्त माणूस, एका रासायनिक कारखान्यात मापनयंत्रं सांभाळायचे, लग्न केलेलं नव्हतं. त्यांचं लिनक्स निराळं होतं. त्यात प्रत्येक गोष्ट स्वतःच्या मशीनवर घडवून घ्यावी लागते. काकू म्हणायच्या, “ते घरच्या जात्यावर दळतात. मी गिरणीचं पीठ आणते. भाकरी दोघांची फुगते.” पण कुणाची भाकरी जास्त दिवस टिकते यावरून दोघांची जुंपली, आणि पैज लागली. एका पाडव्याला सकाळी दोघांनी फोनवर एक-दोन-तीन म्हणत आपापली मशीनं सुरू केली. ज्याचं आधी बंद पडेल त्याने आपलं लिनक्स पुसायचं आणि जन्मभर दुसऱ्याचं वापरायचं.

मला ही शिक्षा किरकोळ वाटली होती. मी तसं म्हटलं. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना सांगत होतो, उद्यापासून दुसऱ्याच्या चुलीवर, दुसऱ्याच्या मिसळणाच्या डब्यातून स्वयंपाक करा. “त्या माणसाकडे एक घड्याळ दाखवायचं असलं तरी आधी घड्याळ दळावं लागतं,” त्या म्हणाल्या. “माझी सगळी स्थळं म्हातारी होतील.”

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला काकूंचा फोन वाजायचा. भिंतीपलीकडून आम्हाला एकच बाजू ऐकू यायची, दुसरी त्यांनी नंतर सांगितली.

“चालू का, डोंबिवली?”

“चालू. कल्याण?”

“चालू.”

आणि फोन खाली. एवढंच. हवापाणी नाही, तब्येत नाही. दिवसांचा आकडा चारशेच्या पुढे गेला होता आणि त्यांनी एकमेकांना बघितलंही नव्हतं. बायको म्हणाली, “अगंबाई, अख्ख्या डोंबिवलीची लग्नं जमवतात, आणि स्वतः फोनवर दोन शब्द!” मी म्हटलं, “मधे ठाकुर्ली आहे.” यावर ती आठवडाभर हसत होती.

मशीन इतके दिवस बंद न करणं तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचं नसतं, हे मला ऑफिसातल्या एका जाणकाराने सांगितलं. नवा कर्नल आला की तो डिस्कवर येऊन बसतो, पण मशीन बंद करून चालू करेपर्यंत कारभार जुन्याकडेच राहतो. मी हे काकूंना सांगायला गेलो. “माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “नव्या सासूबाई ट्रंका घेऊन ओट्यावर बसल्यात. बसू देत. कल्याणच्या ओट्यावरही बसल्यात.”

अशातच प्रज्ञा आली.

ठाण्याची मुलगी, तिशी गाठलेली, बँकेत नोकरी, जन्मापासून दृष्टी नाही. घडीची पांढरी काठी घेऊन एकटीच आली. काकूंनी फॉर्म भरायला घेतला. त्यांच्या फॉर्मात जात हा रकाना सगळ्यात शेवटी होता. तिथपर्यंत लिहिता लिहिता माणसाला कंटाळा यावा म्हणून, असं त्या उघड सांगायच्या.

“अपेक्षा काय?” काकूंनी विचारलं.

“एकच. मुलाचा बायोडेटा मला स्वतः वाचायचाय.”

“फोन वाचून दाखवतो ना गं हल्ली?”

“दाखवतो. बँकेचं सगळं काम तसंच करते मी. पण काकू, ऐकलेलं पटकन पटतं. वाचलेलं तपासता येतं. आणि घरी तर काय! पप्पा वाचतात तेव्हा सगळी मुलं चांगली. वहिनी वाचते तेव्हा सगळी श्रीमंत. मावशी वाचते तेव्हा एकही धड नाही. मुलगा तोच हां, आवाज बदलला की मुलगा बदलतो.”

मी चहाचा कप खाली ठेवला. ‘वाचलेलं तपासता येतं’ हे मी पंचवीस वर्षं ऑफिसात सांगत आलोय, इतक्या कमी शब्दांत कधी जमलं नव्हतं.

काकूंनी तिला शब्द दिला आणि महिनाभर खटपट केली. कुठल्याशा संस्थेने नवीन यंत्रं घेतल्यावर बाजूला ठेवलेली एक ब्रेलची पट्टी त्यांनी मिळवली. हातभर लांब, वर चौकोनी घरांची एक ओळ, प्रत्येक घरात बारीक टोचे. कॉम्प्युटरवर जी ओळ असेल तसे ते टोचे वर येतात आणि बोटाने वाचता येतात. पट्टी जुनी, तिची तार जुनी, आजच्या कॉम्प्युटरला जोडायला मधे एक जोडणी लागत होती. आणि त्या जोडणीचं मॉड्यूल काकूंच्या लिनक्समध्ये नव्हतं. कुळ लागलं, सून मिळेना. शेवटी ते कल्याणने शोधलं. कुणीतरी कुठेतरी लिहून ठेवलेलं, स्वतः घडवून घ्यायचं. त्यांनी ते पाठवलं आणि त्या रविवारच्या फोनवर दोन शब्द जास्त बोलले, “घडवून बघा.”

तोच रविवार ठरला होता. संध्याकाळी पाचला एक मुलगा काकूंच्या केंद्रात प्रज्ञाला भेटायला येणार होता. ती त्याआधी त्याचा बायोडेटा वाचणार होती. अकरा वाजताच हजर झाली. मला काकूंनी बोलावून घेतलं होतं, कारण “आकडे वाचायला माणूस लागतो.”

मॉड्यूल घडलं. एकही चूक नाही. काकूंनी ते आत घ्यायची आज्ञा दिली. मशीनने नाकारलं.

“वाचा,” काकू म्हणाल्या.

मी वाचलं. मॉड्यूलचा साचा चुकीचा आहे, अशा अर्थाची ओळ होती.

“हे वरवरचं. खाली सविस्तर लिहिलं असेल. शब्द सांगा.”

खाली दोन लांबलचक आकडे होते, ठिपक्यांनी तोडलेले. एक चालू कर्नलचा, एक मॉड्यूल ज्यासाठी घडलं त्याचा. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून पाहिले. “काकू, सगळं जुळतंय. फक्त शेवटचा आकडा वेगळा आहे.”

काकू खुर्चीत मागे रेलल्या. अंबाड्यातला स्क्रूड्रायव्हर काढला, हातात फिरवला, परत खोवला.

“नव्या सासूबाईंच्या मापाचं शिवलंय आपण,” त्या म्हणाल्या.

“जुन्यांच्या मापाचं शिवा मग,” प्रज्ञा म्हणाली.

“माप फेकलं गं मी. दिवाळीत डिस्क साफ केली. नवऱ्या मुलांचे फोटो केवढे मोठे पाठवतात लोक, जागाच उरली नव्हती. जुन्या कर्नलची मापं काढून टाकली. आणि आता ती कुठे मिळतही नाहीत, इतका जुना झालाय तो.”

म्हणजे मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तर नवा कर्नल कारभार घेणार आणि मॉड्यूल बसणार. नाहीतर नाही. मला ते कळलं, आणि काकूंना माझ्या आधी कळलं होतं. मी माझ्या लॅपटॉपचं सुचवून पाहिलं, पण तो ऑफिसचा, त्यावर परवानगीशिवाय साधं कॅलेंडरही बसत नाही. काकूंकडची बाकीची मशीनं सुटे भाग होऊन चिठ्ठ्यांसकट पडली होती.

चारशेच्या पुढचे दिवस. जात्यावर दळणं. जन्मभर.

प्रज्ञाला पैज माहीत होती. एव्हाना इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांत ती कुणाला माहीत नव्हती? ती म्हणाली, “राहू द्या ना काकू. आज तुम्ही वाचून दाखवा. तुमच्या आवाजात मुलं कशी असतात ते तरी कळेल.”

ती हसत म्हणाली होती. पण काकूंचा चेहरा मी पाहिला. दुसऱ्यांना सतत ‘वाचलंत का’ विचारणाऱ्या बाईला कुणीतरी वाचून दाखवायला सांगत होतं.

“माझ्या आवाजात सगळ्या मुलांची लग्नं होतात,” काकू म्हणाल्या. “म्हणून तर नको.” आणि त्यांनी आज्ञा टाइप केली. बटण दाबताना डोळे मिटले नाहीत की काही नाही. पोह्यावर लिंबू पिळावं तसं दाबलं.

पडदा काळा झाला. मशीनची घरघर थांबली.

दुसऱ्या मिनिटाला माझी बायको कणकेच्या हातांनी धावत आली. “काय झालं? काकू बऱ्या आहेत ना?” आम्ही त्या घरात आल्यापासून ती घरघर भिंतीतून येत होती, आम्हाला ती ऐकू येणंच बंद झालं होतं. ती थांबल्याचं मात्र पलीकडे स्वयंपाकघरात ऐकू गेलं.

“मी बरी आहे,” काकू म्हणाल्या. “मशीनला जरा झोप लागली होती.”

ते उठलं. काकूंनी मॉड्यूल आत घेतलं. यावेळी पडद्यावर काहीच आलं नाही. लिनक्समध्ये काही न बोलणं म्हणजे होकार, एवढं मला माहीत होतं. मग पट्टीतून एकदम खडखड झाली, पत्र्यावर तांदूळ सांडावेत तशी, आणि सगळे टोचे वर आले. काकूंनी दोन बोटं टेकवली. “आता हे घर तुझं.”

प्रज्ञाने हात ठेवले. तिची बोटं डावीकडून उजवीकडे सरकत गेली, थांबली, परत मागे आली. तिने पुढची ओळ घेतली. मग ती फिस्सकन हसली.

“काय गं?”

“उंची पाच फूट सात इंच, कंसात ‘बुटासह’.” तिने बोटं मागे नेली. “थांबा, परत वाचते. बुटासह! पप्पांनी हे वाचलं असतं का कधी?” आणि नंतर, “स्वयंपाक येतो. कंसात वरण-भात.” अर्धा तास ती त्या एका बायोडेटावर होती. पुढे जायची, मागे यायची. शेवटी म्हणाली, “कंस फार आहेत ह्या मुलात. बरा वाटतोय.”

पाचला मुलगा आला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर तिचा पहिला प्रश्न, “बुटांची टाच किती?”

“दीड इंच,” तो म्हणाला. “आई म्हणालेली, कंस काढून टाक. पण मग ते खोटं झालं असतं ना.”

आम्ही सगळे आपोआप उठून आमच्या घरात आलो. त्यांच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. त्याने चपला घातल्या होत्या.

पण त्याआधी पुढचा रविवार आला. नऊला फोन वाजला. मी आणि बायको भिंतीला कान लावून उभे होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

“चालू का, डोंबिवली?”

मशीन चालूच होतं. काकू ‘चालू’ म्हणाल्या असत्या तर ते खोटं ठरलं नसतं.

“चालू आहे,” काकू म्हणाल्या. “पण मधे मी बंद केलं होतं. मॉड्यूल बसवायला.” मग थोडं थांबून, “तुम्हीच पाठवलेलं. हो, चाललं. पोरीने स्वतः वाचलं.” मग बराच वेळ काही नाही. मग, “या. शब्द म्हणजे शब्द.”

ते दुपारी आले. उंच, काटकुळे, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी आणि गळ्यात दोऱ्याला अडकवलेला पेनड्राइव्ह. काकूंनी त्यांना बसायला सांगितलं, चहा दिला, चिवडा दिला, आणि मशीनपुढची खुर्ची ओढून दिली. “पुसा माझं आणि बसवा तुमचं. सगळे बायोडेटा मी वेगळे काढून ठेवलेत.” त्यांचा आवाज पहिल्यांदाच दोन मजले वर गेला नाही.

गृहस्थांनी पेनड्राइव्ह काढला नाही. त्यांनी आधी ब्रेलची पट्टी बघितली, मॉड्यूल बघितलं, पडद्यावरच्या ओळी शेवटपर्यंत वाचल्या. मग म्हणाले, “मीही बंद करून आलोय.”

“वीज गेली?”

“नाही. निघताना बटण दाबलं.”

“का हो? जिंकला होतात तुम्ही!”

“चालू का म्हणून विचारणारं कुणी नसेल, तर चालू ठेवून करायचं काय?” हे त्यांनी पडद्याकडे बघतच सांगितलं.

काकू एकदम माझ्याकडे वळल्या. “भाडेकरू, हरलं कोण मग?”

मी दोन्ही बाजू पाहिल्या. “दोन्ही खाती बंद झाली आहेत,” म्हटलं. “ताळा जुळतो.”

“म्हणजे माझं लिनक्स माझ्याकडे?”

“आणि माझं माझ्याकडे,” कल्याण म्हणाले. “पुढच्या रविवारी नव्याने सुरू करू. पण नुसतं फोनवर विचारून भागणार नाही. समक्ष येऊन तपासावं लागेल.”

“तपासा की,” काकू म्हणाल्या, आणि यावेळी आवाज थेट गच्चीपर्यंत गेला.

त्यानंतर दर रविवारी ते तपासायला यायचे. एक आकडा वाचायला माणसाला चार तास लागतात, हे मी तेव्हा पाहिलं. दोघं एका यंत्रावर डोकं घालून बसायचे, एक दळायचे, एक गिरणीतून आणायच्या, आणि कुळावरून भांडायचे. ‘योग नाही अजून’ लिहिलेल्या कितीतरी चिठ्ठ्या त्या काळात बदलल्या. बायकोने एकदा धीर करून म्हटलं, “काकू, तुमचाही फॉर्म भरायचा का?” काकू म्हणाल्या, “अगं, उंचीतच बाद होईन. बुटासह धरूनसुद्धा.”

मग आम्ही ठाण्याला आलो. मागच्या वर्षी एका सकाळी फोन आला. “भाडेकरू, बरे आहात ना? रविवारी दोघं या. घरात नवं मशीन येतंय.” त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नोंदणी कार्यालयात दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. ते काकूंनी बोलण्याच्या ओघात सांगितलं. खरा कार्यक्रम रविवारचा होता.

आम्ही पोचलो तेव्हा काकू इमारतीच्या फाटकात उभ्या होत्या. नवी साडी, अंबाड्यात गजरा आणि स्क्रूड्रायव्हर, हातात ओवाळणीचं ताट नव्हे तर लांबलचक एक्स्टेन्शनची वायर. कल्याणहून टेम्पो निघाला होता. कल्याणचं मशीन त्यात येत होतं, चालू स्थितीत, बॅटरीच्या डब्यावर. बंद करून आणलं असतं तर आकडा शून्यावर आला असता.

“पत्रीपुलावर अडकलेत,” काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात फोन होता. “बॅटरी ओरडायला लागलीय म्हणतात.”

टेम्पो वळणावर दिसला त्याच्या आधी ऐकू आला. टुक्, टुक्, टुक्. पुढच्या सीटवर कल्याण, मांडीवर मशीन, पायाशी ओरडणारी बॅटरी, कपाळावर घाम. ड्रायव्हर मला खाली उतरताना म्हणाला, “साहेब, नवरदेव बघितलेत, पण असलं वऱ्हाड नाय बघितलं.” काकू वायर घेऊन धावल्या. बॅटरीचं ओरडणं थांबलं. तसंच, वायरीला बांधून, आम्ही चौघांनी मशीन आत नेलं, माझी बायको मागून वायर गुंडाळत.

टेबलावर काकूंच्या मशीनशेजारी जागा केलेली होती. काकूंनी भिंतीवरची लाल पट्टी नखाने काढली. तिथे आता दोघांना पुरेल असं मोठं सॉकेट बसवलेलं होतं. बॅटरीची वायर त्यात गेली. काकूंनी दोन बोटं कल्याणच्या मशीनवर टेकवली. मग थोडी मान वर करून, मशीनकडे न बघता, म्हणाल्या, “आता हे घर तुमचं.”

मी सवयीने दोन्ही पडद्यांवरचे आकडे ताडून बघत होतो. जुळत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“काकू, पण आता पैजेचा निकाल लागणार कसा? दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर आहेत. बंद पडली तर एकदमच पडतील.”

दोघांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग एकमेकांकडे.

“वाचलं एकदाचं भाडेकरूंनी,” काकू म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.